एक मत राहिलंय

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा शाळेत परिपाठ चालू होता. पोरं रांगेत उभी राहून प्रतिज्ञा म्हणत होती. पलीकडून तिचा मुलगा म्हणाला, "मावशी, आई गेली..." मी फोन कानाला तसाच धरून उभी राहिले. प्रतिज्ञा मधेच तोडलेली सुनंदाला खपत नसे, म्हणून पोरांना शेवटच्या शब्दापर्यंत म्हणू दिली.

चारच दिवसांपूर्वी बीडला दवाखान्यात तिला भेटले होते. चेहरा पार उतरलेला, पण मला बघताच पहिला प्रश्न काय, तर "डबा कुठाय?" म्हटलं, मतांचा डबा वर्गातल्या कपाटावरच आहे. "उघडला न्हाईस ना?" माझा स्वभाव तापट, मी तिथंच चिडले. "अगं बाई, आधी तू बरी हो. डब्याचं काय घेऊन बसलीस?" ती शांतपणे म्हणाली, "दुर्गाचं मत राहिलंय. ती आल्याशिवाय मोजायचं न्हाई. शब्द दे मला." मी दिला. खरं सांगते, विषय मिटावा म्हणून दिला.

आम्ही दोघी सिरसाळ्याच्या अलीकडच्या एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत चौदा वर्षं बरोबर होतो. तिच्याकडं पहिली-दुसरी, माझ्याकडं तिसरी-चौथी. मधल्या भिंतीतल्या चौकटीला दार नव्हतं, त्यामुळं तिचा अर्धा वर्ग मला ऐकू यायचा. एकदा तिनं विचारलं, "आपला राष्ट्रीय पक्षी कोणता?" एक पोरगं ताडकन उठलं, "बाई, आमच्या घरात दोन हायत. आण्णाचा येगळा आन चुलत्याचा येगळा!" पक्षी आणि पक्ष यांतला फरक त्या लेकराला कोण सांगणार? आमच्याकडं निवडणूक आली की सख्खे भाऊ एकमेकांच्या दारातला चहा सोडतात. मी इकडं तोंडाला पदर लावून हसतेय, आणि ही मात्र त्याला जवळ घेऊन म्हणते, "चूक न्हाई तुझी. पक्ष ज्याचा त्याचा असू दे. पक्षी मात्र सगळ्यांचा एकच."

तेव्हापासून तिनं नियमच करून टाकला. दरवर्षी दसऱ्याच्या आधी तिच्या वर्गात वर्गमंत्र्याची निवडणूक व्हायची. पोरांना वाचता येत नाही, म्हणून चिठ्ठीवर चित्रं. घागर, चप्पल, कंदील, पतंग, काय हवं ते मागा. पण मोर, वाघ, कमळ, आंबा, वड यांतलं काही मिळायचं नाही. एक वर्षी एक मुलगी मोरासाठी हातपाय आपटून रडली. मी म्हटलं, दे की गं, लेकरू आहे. "मोर सगळ्यांचा हाय," सुनंदा म्हणाली, "जो सगळ्यांचा हाय तो एकाच्या नावावर करायचा न्हाई." पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्याला वरून चीर पाडलेली, त्यावर कागदाची पट्टी आणि पट्टीवर तिची सही. मत टाकलं की डाव्या हाताच्या बोटावर जांभळ्या स्केचपेनची खूण. मला हा सगळा खेळ वाटायचा, आणि मी तसं तिला तोंडावर बोलूनही दाखवायची.

तिच्या वर्गात मतदान हा शब्द मात्र कधी ऐकू आला नाही. ती 'मत देणं' म्हणायची. एके दिवशी डबा खाताना मी कारण विचारलं, तेव्हा तिनं आईची गोष्ट सांगितली. आई-वडील ऊसतोड करायचे, निम्मं वर्ष कारखान्यावर. गावात मतं पडायची तेव्हा आई बहुतेक वेळा उसाच्या फडात असायची. एका वर्षी मुकादमाकडून दोन दिवसांची सुट्टी मागून, बस बदलत बदलत ती गावी आली. केंद्रावर यादी बघून तिला सांगितलं, तुमचं मत पडलंय. आई हसत घरी आली. लई चांगली माणसं, म्हणे, माझं काम कुणीतरी करून टाकलं, दान कुणाच्याबी हातानं पडलं तरी पोचतंच की... सुनंदाचा घास हातातच राहिला होता. "दान म्हणून म्हणून आमच्या आईला वाटलं, ते कुणीबी द्यावं. माझ्या वर्गातल्या एकाबी लेकराला तसं वाटता कामा न्हाई." त्या दिवसानंतर मी तिला खेळ म्हणून चिडवणं सोडलं.

गेल्या वर्षी ऊसतोडीला नेणारा ट्रक आठवडाभर आधीच आला. उमेदवारसुद्धा ठरले नव्हते आणि दुसरीतल्या दुर्गाचं बिऱ्हाड निघालं. सुनंदा पदर खोचून चौकापर्यंत धावत गेली. ट्रकमध्ये भांड्यांच्या आणि ताडपत्रीच्या मधे बसलेल्या दुर्गानं वरून विचारलं, "बाई, माझं मत?" सुनंदा खालून ओरडली, "तू आल्याबिगर डबा उघडणार न्हाई!" मी म्हटलं, फोन करून विचार आणि टाक एक चिठ्ठी. तर माझ्यावरच उखडली. "फोनवर सांगितलं तर गुप्त कसं राहील? तिच्या मायलासुदीक कळायला नको."

जानेवारीत खरी कसोटी लागली. झेंडावंदनाला पाहुणे येणार, त्यांच्यासमोर वर्गमंत्र्याचा शपथविधी करायची मुख्याध्यापकांची फार इच्छा. एका मतानं काय अडतंय, ते म्हणाले. मीही त्यांच्याच बाजूनं बोलले, हे इथं कबूल करते. सुनंदा एवढंच म्हणाली, "झेंड्याखाली उभं राहून निकाल खोटा सांगू का, सर?" शपथविधी झाला नाही. पोरांनी झेंड्याचे रंग सांगितले, गाणं म्हटलं, खाऊ घेतला. त्यानंतर आठवड्यातच ती आजारी पडली.

ती गेल्यावर दहाव्या दिवशी मुख्याध्यापक डबा हातात घेऊन माझ्याकडं आले. आता उघडून टाकू मॅडम, म्हणाले, सुनंदा मॅडमनाही बरं वाटेल. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण माझा तोल सुटला. "ठेवा तो जागेवर! शब्द दिलाय मी तिला." बिचारे गुमान ठेवून गेले. मग दोन महिने रोज शाळेत आले की आधी कपाटाकडं नजर जायची. ऊसतोडीच्या टोळीचा मुक्काम वाढला तर? दुर्गा आलीच नाही तर? उन्हाळी सुट्टी लागायची वेळ आली तसा माझा जीव खालीवर होऊ लागला.

पाडव्यानंतर दुर्गा आली. उन्हानं काळवंडलेली, बोटभर उंच झालेली. बाई गेल्याचं पोरांनी तिला फाटकातच सांगितलं होतं. ती वर्गात आली आणि कपाटाकडं बघत राहिली. मी डबा खाली काढला. पट्टीवरच्या सहीवर तिनं बोट फिरवलं. "न्हाई उघडला," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. पोरांसमोर रडले, काय करू...

फळ्यामागं जाऊन तिनं चिठ्ठीवर फुली मारली. मी पाठ फिरवून उभी राहिले. मग स्केचपेन सापडेना. सुनंदाच्या टेबलाच्या खणात, खडूंच्या मागं होता. डबा उघडून सगळ्यांसमोर मोजणी केली. घागर सहा मतांनी निवडून आली, म्हणजे दुर्गाच्या मतानं निकाल काही बदलला नाही. पण पटावर तेवीस नावं आणि डब्यात तेवीस चिठ्ठ्या. मी दोनदा मोजल्या.

डबा परत कपाटावर ठेवलाय. दसऱ्याच्या आधी त्याला नवी पट्टी लावायची आहे, आणि तिच्यावर सही माझी असेल. ट्रक लवकर आला तर चौकापर्यंत धावायचंही मलाच आहे, गुडघे कितीही दुखोत.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला दुर्गा पहिल्या रांगेत उभी होती. बोटावरची जांभळी खूण तशीच होती. मी म्हटलं, अगं, हात धुतला नाहीस का? तिनं बोट माझ्यासमोर धरलं.

"मॅडम, माझं मत मीच दिलंय."