तांबड्या काट्याचं घड्याळ

दादा, माझा थोरला भाऊ, अमेरिकेत असतो. गेल्या दिवाळीला घरी, पालमला आला तेव्हा त्यानं अण्णांच्या डाव्या मनगटावर एक जड घड्याळ बांधलं. सेलवर नाही, हाताच्या हालचालीवर चालणारं. नेहमीच्या काट्यांबरोबर एक तांबडा काटा होता, तो त्याच्याकडची वेळ दाखवायचा. फोन करण्याआधी तो बघत जा, आमची झोपमोड होते, असं त्यानं बजावलं. अण्णा, आमचे वडील, निवृत्त मास्तर. त्यांनी एसटी स्टँडवर भेटेल त्याला ते दाखवलं. चहावाला म्हणाला, "सर, दोन दोन टाइम कशाला लागायलेत तुमाला?"

उन्हाळ्यात अण्णांना लकवा झाला. डावी बाजू गेली. मी शाळेतून रजा घेऊन त्यांच्यापाशी राहिले. त्यांचं हगणं-मुतणं काढलं, लाळ पुसली, पण कधी किळस वाटली नाही.

एकदा दादाचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन अण्णांच्या समोर धरला. त्यानं जरा निरखून पाहिलं आणि म्हणाला, "अगं, घड्याळ बंद पडलंय की. असं पडून राहिलं तर आतलं तेल सुकतं. तूच घालत जा रोज."

हात हलत नाही म्हणून घड्याळ बंद पडलंय, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. तरी बाजूची कळ फिरवून चावी कशी द्यायची हेच तो समजावत राहिला. अण्णा ऐकत होते. उजव्या हातानं पट्टा ओढायला लागले, तो निघेना. जड जिभेनं म्हणाले, "काढ."

मी काढलं. पट्ट्याच्या कड्यांत घाम आणि मळ साचला होता. घड्याळ तसंच कपाटात ठेवून दिलं.

पावसाळा संपता संपता दादा आला. घड्याळ मागून घेतलं, रुमालानं दोनदा पुसलं, चावी दिली आणि अण्णांच्या देखत स्वतःच्या हातात घातलं. "इथं नुसतं पडून खराब होईल," म्हणाला. अण्णांनी भिंतीकडं तोंड केलं. मी त्याला जेवायला वाढलं, पण त्याच्या समोर बसून मला घास गिळवेना. ताट झाकून ठेवलं.

तो गेल्यावर काही आठवड्यांनी मालिश करताना अण्णांची डावी बोटं माझ्या हातात हलली. शेजारणीला मी अंगणातूनच हाक मारून सांगितलं. दादाला आजवर सांगितलेलं नाही.