भोईरकाकांची ‘ही’

दर रविवारी सकाळी भोईरकाका कुळगावच्या बाजारातून दोन माणसांची मासळी आणायचे आणि त्यातली अर्धी तळून आमच्या दारात उभे राहायचे. “घे बाय. आमची ही माहेरी गेलीय, एकट्याला संपत नाय.” आम्ही त्या बिल्डिंगमध्ये नवीन होतो, मला ते खरंच वाटलं. दोन वर्षांनीही काकू माहेरीच होत्या, तेव्हा मी विचारणं सोडलं.

काका अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते, आता रिटायर. मूलबाळ नाही. बोलायला लागले की विषय एकच. “हिच्यासारखं कालवण कोणाला जमायचं नाय.” “ही हसली ना, की घर भरल्यागत वाटायचं.” वॉचमनपासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांना हे पाठ होतं. शेवटी “येल ती, जाते कुठं!” म्हणून उठायचे.

एकदा मी उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, पापड घ्यायला गेले, तर काकांच्या भिंतीवरच्या फोटोतला चेहरा काउंटरमागे उभा. केस पांढरे झालेले, एवढंच. मी ओळख सांगितली. काकू पापड मोजत राहिल्या.

“मारलं नाही कधी. उपाशी ठेवलं नाही,” त्या म्हणाल्या. “पण सव्वीस वर्षांत माझ्याशी बोललेच नाहीत हो. वाढ, दिवा बंद कर, दार लाव. संपलं. मी भावाकडे निघाले तेव्हासुद्धा पेपरातून डोकं वर केलं नाही.”

काका न बोलणारे? मला हसावं की काय करावं कळेना. निघताना काकू म्हणाल्या, “त्यांना सांगा, वाट बघू नका. मी येणार नाही.”

संध्याकाळी काकांना सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. “म्हणजे निरोप दिला तिनं!”

“काका, त्या येणार नाही म्हणाल्या.”

“रुसलीय. माणूस रुसतं कोणावर? आपल्याच माणसावर ना?”

मी तेव्हा ठामपणे बोलायला हवं होतं. ते इतके आशेने बघत होते की माझ्या तोंडून “हो” निघून गेलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वयंपाकघराला पिवळा रंग दिला. “हिला पिवळा आवडतो.” आवडतो की नाही, हे त्यांनी काकूंना कधी विचारलं असेल, असं मला वाटत नाही.

त्या उन्हाळ्यात काकांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. मी पापडाच्या दुकानात फोन केला. येतील असं वाटलं नव्हतं, पण काकू आल्या. हॉस्पिटलातल्या खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या. काकांचे ओठ हलायला लागले, घशातून नुसती घरघर.

“बोला,” काकू म्हणाल्या. रागाने नाही, खरंच ऐकायला बसल्यासारख्या. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत उशीवर गेलं. मी दारात उभी होते. मला ना आत जाता आलं, ना तिथून हलता आलं.

काकू पुढचे तीन दिवस येत राहिल्या. चौथ्या दिवशी दुपारी काका गेले.

स्मशानातून पुरुष मंडळी परत आली. बिल्डिंगमधल्या एक बाई काकूंचा हात धरून म्हणाल्या, “निदान शेवटी तरी एकत्र आलात.”

काकूंनी हात हळूच सोडवून घेतला.

“एकत्र नाही हो,” त्या म्हणाल्या. “शेजारी बसले होते, एवढंच.”