गोदाक्काचा हात आणि मुत्तीचं घर

गोदावरीच्या थपडेबद्दल हुबळीच्या त्या वठारात दोन मतं नव्हती. ज्यानं खाल्ली त्याचं एकच मत होतं, ज्यानं नुसती ऐकली त्याचंही तेच. वठार म्हणजे एका अंगणाभोवती भाडेकरूंच्या खोल्या, मधोमध सगळ्यांचा एक नळ आणि समोर मालकाचं दुमजली घर. एका खोलीत थप्पड वाजली की बाकीच्या खोल्यांतली भांडणं आपोआप थांबायची.

खानावळीत सकाळपासून जोंधळ्याच्या भाकऱ्या थापून तिचा उजवा हात लोखंडासारखा झाला होता. एकदा एका गिऱ्हाइकानं ताट घेताना तिचं मनगट दाबलं. पुढचा दात त्यानं आमटीतून शोधून काढला आणि जेवण अर्धं टाकून निघून गेला. खानावळीच्या मालकानं गोदावरीला एक शब्द विचारला नाही. तशा भाकऱ्या त्याला दुसरीकडे मिळणार नव्हत्या.

हा हात तिला जन्मतः मिळाला नव्हता, मार खाऊन मिळाला होता. ती अळणावरजवळच्या खेड्यातली. नवरा नागोजी लाकडाच्या वखारीत ओंडके चढवायचा, संध्याकाळी प्यायचा आणि बायकोला बडवायचा. पहिली दोन वर्षं तिनं खाल्ला मार. मग एक दिवस चुलीतलं जळतं लाकूड उपसून तिनं त्याच्या खांद्यावर टेकवलं. त्यानंतर नागोजी पिऊन आला तरी भिंतीकडे तोंड करून मुकाट झोपू लागला. संसार आता कुठे बरा चालायला लागला होता, तेवढ्यात वखारीतली ओंडक्यांची रास कोसळली. राशीखाली नागोजी मेला. राशीच्या आडोशाला व्यायलेली, अर्ध्या मुधोळ जातीची एक शिकारी कुत्री होती, तीही मेली. तिच्या पोटाखाली एकच पिल्लू जिवंत सापडलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दिरानं तिची ट्रंक रस्त्यात फेकली आणि झिंज्या धरून तिलाही उंबऱ्याबाहेर काढलं. अंगणात सगळा गाव उभा होता. कुणी हूं की चूं केलं नाही. पिल्लाला पदरात गुंडाळून ती हुबळीच्या गाडीत बसली. गाडीत तिनं ठरवलं की पुन्हा कुणी असं घराबाहेर काढायला आला, तर एकतर तो मरेल नाहीतर आपण मरू. पिल्लाचं नाव तिनं मुत्ती ठेवलं.

हुबळीत कुत्र्यासकट खोली द्यायला कुणी तयार होईना. एकानं तर तोंडावर सांगितलं, कुत्रं सोडून ये, मग बोलू. शेवटी कापडदुकानदार गुरुराज निपाणीकर म्हणाला, "असू दे की कुत्रं. चोरचिलटं तरी येणार नाहीत." वठारातली कोपऱ्यातली खोली तिला मिळाली. भाडं ती वेळेवर द्यायची, मुत्ती फाटकाशी झोपायची आणि पाच-सहा वर्षं सुखाची गेली.

गुरुराजला एक खोड होती. भाडेकरूंच्या खोलीत तो हाक न मारता शिरायचा. कुणी जेवत असो, निजलेलं असो, हा आपला आत येऊन भिंती बघणार, डबे उघडून बघणार आणि वर म्हणणार, "घर माझं आहे." माणसं चरफडायची आणि गप्प बसायची. मुत्तीला मालकी कशी कळणार? गोदावरी आत आंघोळ करत असताना त्यानं दार ढकललं, तेव्हा मुत्तीनं सरळ त्याच्या पोटरीचा लचका तोडला.

गुरुराजनं किंचाळत तिला लाथ घातली. गोदावरी ओल्या लुगड्यानिशी बाहेर आली. मुत्ती केकाटत भिंतीवर आपटलेली तिनं पाहिली आणि पुढचं तिला फारसं आठवत नाही. वठाराला मात्र सगळं आठवतं. पहिल्या थपडेत गुरुराजचा चष्मा गेला, दुसरीत तो पाण्याच्या पिंपावर कोसळला. तिसरी पडायच्या आत शेजारच्या सुमननं तिला मागून मिठी मारली.

मालक गेला पोलिसांत. गोदावरीला दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. तिला सोडवायला आल्या कुसुमावती वकील, ज्यांच्या घरी खानावळीतून रोज भाकऱ्या जायच्या. नवनगरात राहणाऱ्या, बारीक अंगाच्या, आवाज मात्र खणखणीत.

"गोदाक्का, नीट ऐक," त्या बाहेर आल्यावर म्हणाल्या. "तो तुला खोली सोड म्हणेल. सोडायची नाही. कोर्टाच्या हुकमाशिवाय तो तुला बाहेर काढू शकत नाही. पाणी तोडू शकत नाही. कुत्र्याला त्यानंच होकार दिला होता, तेव्हा कुत्रंही राहील. भाडं घेईना तर मनीऑर्डरनं पाठव. पण आणखी एकदा हात उचललास की केस त्याची."

"आनी त्यानं उचलला तर?"

"तरी नाही."

"ह्यो कसला कायदा, बाई? मारणारा त्यो, आनी हात बांधायचं म्यां?"

"हाच आहे," कुसुमावती म्हणाल्या. "घर पाहिजे की थप्पड, ते तू ठरव."

गोदावरीनं ठरवलं. गुरुराज येताजाता शिव्या द्यायचा, मुत्तीवर दगड मारायचा, फाटकाशी उभा राहून म्हणायचा, "मार की! आता का मारत नाहीस?" ती दोन्ही हात काखेत दाबून उभी राहायची. रागानं तिचे दात वाजायचे. असला राग गिळणं भाकरीतला खडा गिळण्याइतकं सोपं नसतं. रात्री तिला ताप चढायचा.

आणि तेवढ्यात तिच्या हातून चूक झाली. हुबळीत त्या वेळी नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं. गावाला जाणारा भाडेकरू आपली किल्ली मालकाच्या बायकोकडे ठेवून जायचा. पाणी आलं की ती खोली उघडून पिंपं भरून ठेवायची. पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. अळणावरहून दीर गेल्याचा निरोप आला, तेव्हा ज्यानं हाकललं त्याच्याच मातीला गोदावरी निघाली. मुत्तीला सुमनकडे सोपवलं आणि सवयीनं किल्ली दिली मालकीणबाई चंद्रभागाकडे. भांडण मालकाशी होतं, पाण्याशी कुठे होतं? कुसुमावतींच्या घरी बोअर होती, हा रिवाज त्यांना ठाऊक नव्हता. किल्ली देऊ नको हे सांगायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

ती परतली तेव्हा नळाला पाणी आलेलं होतं. सगळं वठार घागरी घेऊन अंगणात होतं आणि कुणी पाणी भरत नव्हतं. नळाखालची घागर भरून वाहत होती.

तिच्या दाराला नवं कुलूप होतं. ट्रंक चिखलात पालथी पडली होती, परात, तवा, नागोजीचा फोटो, सगळं इतस्ततः. सुमन रडत होती, तिच्या कपाळातून रक्त येत होतं. नळाच्या खांबाला मुत्ती बांधलेली. तिचा एक डोळा मिटला होता आणि मागचा पाय भलतीकडे वळला होता. तिच्या डोक्यावर गुरुराज पहार घेऊन उभा होता.

"आलीस?" तो म्हणाला. "किल्ली तू स्वतः आणून दिलीस. खोली सोडलीस. आता हे कुत्रं तेवढं राहिलंय." आणि त्यानं पहार उचलली.

गोदावरीला दिराचं अंगण दिसलं. तशीच ट्रंक, तशीच गप्प उभी माणसं. तिचा उजवा हात आपोआप वर गेला. एका थपडेचं काम होतं. मालकाच्या डोळ्यांत तिनं पाहिलं, आणि तिला कळलं की तो त्याच थपडेची वाट बघतोय.

तिनं हात फिरवला नाही. ती मुत्तीवर आडवी पडली आणि तोच हात वर धरला. पहार मनगटाच्या वर बसली. हाड मोडल्याचा आवाज नळाच्या आवाजातूनही सगळ्यांनी ऐकला. तिनं हात खाली घेतला नाही. दुसरा घाव कोपरावर बसला.

"गोदाक्का, मार त्याला!" सुमन ओरडली.

"न्हाई!" गोदावरी बेंबीच्या देठापासून ओरडली. "कोन बी हात लावू नगा त्याला! फकस्त बघा! डोळं उघडं ठेवून बघा!"

तिसरा घाव पडला नाही. चंद्रभागा धावत आली आणि तिनं नवऱ्याच्या हातातली पहार दोन्ही हातांनी धरली. "यप्पा, साकु!" ती ओरडत होती. "पुरे, पुरे! किल्ली माझ्यापाशी पाण्यासाठी दिलेली, घरासाठी नाही!"

हेच वाक्य तिनं पुढे कोर्टातही सांगितलं. तिच्या मागोमाग सुमननं आणि वठारातल्या एकूण एक बिऱ्हाडानं साक्ष दिली. एरवी भुरट्या चोराविरुद्धही तोंड न उघडणारी ही माणसं. गोदावरीला खोली परत मिळाली. गुरुराजनं तुरुंगाची हवा खाल्ली आणि परत आला तो खाली मान घालून. मुत्ती तीन पायांवर चालायला शिकली.

हात मात्र गेला. हाडं वेडीवाकडी जुळली, बोटं मिटेनात. भाकरी थापणं संपलं. खानावळीत ती डाव्या हातानं भाजी निवडू लागली. कुसुमावती एकदा भेटायला आल्या आणि त्यांनी तो हात आपल्या हातात घेतला. "माझ्या सांगण्यामुळे झालं हे," त्या म्हणाल्या.

"खोटं कशाला बोलू, बाई," गोदावरी म्हणाली. "घर ऱ्हायलं, बरं झालं. पन रोज सकाळी उठली की वाटतं, जायचाच हुता ह्यो हात, तर एकदा त्याच्या तोंडावर उतरून तरी जायचा."

आता वठारात कुणी गावाला निघालं की किल्ली गोदावरीकडे येते. तिच्या दाराशी खिळ्यांवर किल्ल्याच किल्ल्या टांगलेल्या असतात आणि पाणी आलं की ती डाव्या हातानं सगळ्यांची पिंपं भरते. परवा नळाला पाणी आलेलं असताना गुरुराज तिच्या दाराशी आला. उंबऱ्याबाहेर थांबला आणि खोकला. त्याला त्याच्याच घराची किल्ली हवी होती, चंद्रभागा माहेरी जाताना ठेवून गेलेली. मुत्ती तीन पायांवर उठली, दात विचकले आणि घशातून गुरगुरली. गुरुराज मागे सरकला.

गोदावरीनं डाव्या हातानं तिची मान धरली.

"बस खाली, मुत्ती," ती म्हणाली. "कोर्टाचा हुकूम न्हाई."

मग तिनं खिळ्यावरची किल्ली काढून त्याला दिली.