वंजिकू म्हणून हाक मारली तर

पार्लरमधल्या पहिल्याच दिवशी तिने मला सांगितलं, की ती स्वतःच्या बापाची आई आहे. मी एका बाईच्या भुवया कोरत होते. हसू आवरेना म्हणून दोरा बाजूला ठेवला. ही मात्र गंभीर. शेजारच्या खुर्चीतल्या मुलीच्या बारीक वेण्या घालता घालता म्हणाली, "हसतेस काय? मरेपर्यंत बाप मला आईच म्हणायचा. मी कितीही वाह्यातपणा केला तरी मार नाही. आईवर हात कोण उगारणार?"

बहरीनमधल्या सनदच्या त्या लेडीज पार्लरमध्ये आम्ही दोघी शेजारी उभ्या राहून काम करायचो. मी चिपळूणजवळच्या खेड्यातली, ती केनियातली, किकुयू जमातीची. आमचं बोलणं इंग्रजी, हिंदी आणि अरबीच्या खिचडीत. इथे मराठीत सांगते आहे. गिऱ्हाइकांना सोपं जावं म्हणून मालकिणीने तिच्या कोटावर 'जेनी' अशी पट्टी लावली होती. खरं नाव वंजिकू.

त्यांच्यात म्हणे नाव आपल्या मनाने ठेवायचं नसतं. पहिल्या मुलीला बापाच्या आईचं, दुसरीला आईच्या आईचं. नुसतं नाव नव्हे, ती आजीच पुन्हा घरात आली असं धरतात. नावाचं मूळ विचारलं की वेणी अर्धी सोडून सांगायला लागायची. मुंबी ही सगळ्या किकुयूंची पहिली आई. तिच्या मुलींपैकी एक वंजिकू, आणि तिच्यापासून एक अख्खं कूळ. एवढं जुनं नाव म्हटल्यावर मी म्हणाले, "मग आता फारसं कुणी ठेवत नसेल."

"ठेवत नसेल?" ती खो खो हसली. "आमच्या बाजारात वंजिकू म्हणून हाक मार, निम्म्या बायका वळून बघतील. पेपरवाले साध्यासुध्या माणसांना मिळून वंजिकूच म्हणतात." मग म्हणाली, "इथे मात्र कुणी हाकच मारत नाही गं."

ते खरंच होतं. ती पार्लरच्या मागच्या खोलीत एकटी राहायची. मी संध्याकाळी बस पकडून बुसैतीनला, नवऱ्या-मुलांत. निघताना एकदा नावाने हाक मारून जायचं, एवढंच तिने माझ्याकडे मागितलं होतं. मी दारातून ओरडायचे, "वंजिकू, येते गं!" आतून उत्तर यायचं, "यल्ला, ये!"

तिचा मुलगा कमाऊ लहान असतानाच ती इकडे आली. त्याला वाढवलं तिच्या धाकट्या बहिणीने, वंगारीने. आता कमाऊची बायको गरोदर होती आणि हिचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. "मुलगी झाली की वंजिकू घरी पोचली," येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायची. गिऱ्हाइकं मान डोलवायची, त्यांना काय कळणार!

मी मात्र एकदा बोलून गेले, "अगं, आमच्याकडे जिवंत माणसाचं नाव पोराला ठेवत नाहीत. अशुभ मानतात."

"आणि मेल्यावर ठेवता? मग त्या माणसाला ऐकू कसं जाणार?"

विषय बदलायला म्हणून मी माझी गोष्ट सांगितली. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं आणि शकूची सुनीता झाले. तिने कंगवा खाली ठेवला. "मग शकू आता कुठे आहे?" मी हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

मुलगी झाली. कमाऊचा फोन भर दुपारी आला. फोन ठेवून सगळ्यांना म्हणाली, "मुलगी!" मला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरीचं नाव वंगारी ठेवू का, विचारत होता. मी हो म्हटलं."

"नाही म्हणायचंस! रीत तुझ्या बाजूची आहे," मी चिडलेच.

"आहे ना. पण त्याचं नाक वंगारीने पुसलं, तापात उशाशी ती बसली. त्याने विचारलं तरी. चांगला आहे पोरगा."

"आणि दुसरी मुलगी झाली तर?"

"ती सुनेच्या आईची. तिसरीला बघू, इंशाल्ला."

दुसऱ्या दिवशी तिने मुहर्रकचा केशरी हलवा आणून सगळ्या पार्लरला वाटला. मालकीण म्हणाली, "मबरूक, जेनी! नाव काय ठेवलं?"

"वंगारी," ती मोठ्याने म्हणाली.

"छान आहे!" असं सगळ्यांनी म्हटलं. मी माझ्या वाटचा हलवा कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला. त्या संध्याकाळी दारातून दोनदा हाक मारली, तेव्हा आतून उत्तर आलं.

पुढे तिचा व्हिसा संपला. मला वाटलं आता घरी जाईल, नात बघेल. तिने दोह्याच्या पार्लरचं काम धरलं. "घरी वंगारी आहे," म्हणाली, "दोन दोन आहेत." जाताना माझ्या केसांच्या बारीक वेण्या घालून दिल्या. घरी पोरं हसली, नवरा हसला. मी त्या बरेच दिवस सोडल्या नाहीत.

मध्यंतरी मनामाच्या सूकमध्ये मसाले घेत होते. पुढच्या दुकानाशी एक बाई पाठमोरी उभी, तसेच खांदे, तशाच वेण्या. ती दोह्यात आहे हे ठाऊक असूनही मी भर बाजारात ओरडले, "वंजिकू!" ती बाई तशीच पुढे निघून गेली. बाजार बायकांनी भरलेला होता. एकीनेही वळून पाहिलं नाही.