आईला हवी होती सहा बटणं

काचबिंदूनं आईची दोन्ही डोळ्यांची नजर गेली, तेव्हा मी तिला आष्टीहून जालन्याला माझ्या घरी आणलं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. आमच्याकडे तेव्हा नुकतीच गच्चीवर डिशची छत्री बसवली होती, म्हणजे टीव्हीचा एक रिमोट आणि छत्रीच्या डब्याचा दुसरा. आई दिवसभर टीव्ही ऐकायची. एकदा तिच्या हातून भलतंच बटण दाबलं गेलं, पडदा निळा झाला, आणि मी शाळेत शिकवून येईपर्यंत ती गप्प टीव्हीसमोर बसून होती. दुसऱ्या दिवसापासून मी दोन्ही रिमोट कपाटावर ठेवायला लागले. जाताना एक चॅनल लावून द्यायचे. मला वाटायचं, मी तिची सोय करून राह्यले.

महिनाभर तिनं सोसलं. मग एका रविवारी सकाळी म्हणाली, "तू लावशील तेच ऐकायचं का म्या? माझं दिसायचं गेलं, ऐकायचं न्हाई गेलं."

मी म्हणाले, "आई, दोन रिमोट आहेत. तुला कळायचे नाहीत."

"मंग दोन्हीचा मिळून एक आण. मिळतो म्हणं. आण म्हणजे, मला घेऊन चल. म्या निवडते."

दुकानदारानं युनिव्हर्सल रिमोटची पाकिटं काउंटरवर मांडली आणि मला विचारलं, "मॅडम, यांना कोणता पाहिजे?"

"तिला काय इचारता? इकडं बोला," आई म्हणाली.

तो जरा चपापला. "मावशी, हा घ्या. साठ बटणांचा, एकदम नवीन."

"साठ काय करू? मला सहा लागतात. टीव्ही चालू, डबा चालू, आवाज कमी-जास्त, चॅनल मागं-पुढं. पाकीट फोडा, हात लावून बघू द्या."

"पाकीट फोडलं की माल परत जात नाही, मावशी."

"हात लावल्याबिगर म्या घेत न्हाई."

मी तिचा दंड धरून हळूच म्हणाले, "चल, दुसरीकडं बघू." तिनं हात सोडवून घेतला, चाचपत स्टूल शोधलं आणि बसली. "बसले म्या. तुमची बाकीची गिऱ्हाइकं होऊ द्या, मला घाई न्हाई."

गिऱ्हाइकं आली, गेली. येणारा प्रत्येक जण तिच्याकडे बघायचा. मला मान वर करवत नव्हती. तिला मात्र कसलीच लाज नव्हती. शेवटी दुकानदारानं कात्री घेतली.

आष्टीला जाण्याआधी जालन्याच्या एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कंपनीत आईनं वीस वर्षं कपाशीचं बी निवडलं होतं. फुटकं, किडकं, पोचट तिला बोटांनीच कळायचं, नजर तर उगीच खाली असायची. तशीच ती आता त्या रबरी बटणांवरून बोटं फिरवत गेली. पहिला तिनं लगेच बाजूला सारला. "हे समदं सपाट वावर हाय." दुसऱ्याची बटणं एकमेकांना चिकटलेली. तिसरा धड हातात मावेना. चौथा जाडजूड, बटणांमध्ये चांगली जागा, आवाजाची बटणं लांबट आणि चॅनलची गोल. त्याच्यावर ती बराच वेळ थांबली.

"मावशी, हा जुना माल आहे. कुणी घेत नाही."

"म्या घेऊन राह्यले ना."

जुने दोन्ही रिमोट आम्ही बरोबर नेले होते. नव्याच्या तोंडाला तोंड लावून दुकानदारानं एकेक बटण त्यात उतरवलं. कोणतं काम कोणत्या बटणाला, ते आई सांगत गेली. त्यानं वरून प्लास्टिकचं कव्हर चढवलं, ते तिनं तिथंच ओढून काढलं. त्यातून बोटाला बटणं लागत नव्हती.

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी पुन्हा गडबड झाली, आवाज बंद पडला. मी उठले.

"बस खाली," ती म्हणाली. बरीच खटपट करून, चुकत-माकत तिनं तो परत आणला. तोवर माझी मालिका अर्धी संपली होती.

दोन-चार दिवसांनी माझे मालक रोलिंग मिलमधून ड्यूटी करून आले. क्रिकेटची मॅच चालू होती. सवयीनं त्यांनी हात पुढे केला. "आई, रिमोट द्या जरा."

"रिमोट न्हाई देत, जावईबापू. मॅच लावून देते. पण बातम्या होऊ द्या."

ते माझ्याकडे बघायला लागले. मी चहा टाकायला उठले, आणि ते बूट काढून मुकाट्यानं आईशेजारी बातम्या ऐकत बसले.