शाळा बसवायची कुठं?

कहाणी ऐकायला बसलं, की मुठीत अक्षता धरायच्या असतात. पण ऐकता ऐकता एकीला काही आठवतं, त्यावरून दुसरीला, आणि देवाची कहाणी राहते बाजूला. अक्षता मुठीतच घामेजतात. आमच्या शाळेच्या गोष्टी माझ्या मुठीत अशाच राहून गेल्या आहेत.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. आमचे हे पलूसजवळच्या एका गावात शाळामास्तर. घरोघरचा एक तरी गडी पलटणीत गेलेला. त्याचं पत्र वाचायला घरात कुणीतरी हवं, म्हणून आया मुलांना आणि चक्क मुलींनाही शाळेत आणून बसवू लागल्या. शाळा म्हणजे मारुतीचं देऊळ. गावात विहिरींवर इंजिनं आली होती, त्यामुळे बांधापर्यंत ऊस. शाळेला म्हणून टिचभर जमीन कुणी सोडेना.

*

देवळात सगळे वर्ग एकदम भरत. म्हातारे नाना रोज अकरा प्रदक्षिणा घालत, तेही पोरांच्या मांड्या ओलांडत. एकदा पहिलीचा वर्ग बेचा पाढा म्हणत होता. नानांनी त्याच तालावर मोजायला सुरुवात केली. बे एके बे, बे दुणे चार. सहाव्या फेरीला 'बारा' कानावर आलं, तसे "एक जास्तच झाली" म्हणत ते घरी निघाले.

ह्यांनी हटकलं, तर म्हणतात कसे, "मास्तर, मोजल्या पोरांनी, मी निस्ता फिरलो. चुकी आसंल तर त्यांचं कान धरा."

*

मग शाळा तपासायला दिपोटी आले. त्यांनाच पाय ठेवायला जागा मिळेना. उंबऱ्यात उभं राहूनच त्यांनी तपासणी उरकली आणि म्हणाले, "पावसाळ्यापर्यंत जागा बघा. नाही मिळाली तर पट कमी करावा लागेल. मुली आधी कमी करा."

घरी येऊन ह्यांनी मला एवढंच सांगितलं आणि पानावरून तसेच उठले. मी येत्या सोमवारपासून सोळा सोमवार धरले.

*

तोवर मुलींचा वर्ग आमच्या पडवीत आणला. एकादशीला आत मी रताळी उकडत होते. वास पडवीत गेला असावा. एक चिमुरडी दारात येऊन म्हणाली, "बाई, माजा बी उपास हाय." तिच्यामागे दुसरी. मग सगळा वर्गच.

दुसऱ्या दिवशी द्वादशी. तरी तीच पुन्हा दारात. मी म्हटलं, "अगं, आज सोडायचा असतो उपास."

"सोडायलाच आले न्हवं," ती म्हणाली.

*

मुलांना आबांनी त्यांचं खळं दिलं. आबा म्हणजे गावातले मोठे ऊसवाले. ज्वारी काढणीला यायची होती, खळं रिकामंच होतं. तिथं हे रोज सकाळी कवायत घेत. 'एक, दोन' म्हणत पोरांनी पाय आपटून आपटून जमीन अशी घट्ट केली, की आबा हात फिरवून बघत राहिले. "बैलं फिरवून बी आसं खळं झालं न्हवतं," म्हणाले.

झालं! दुसऱ्या दिवशी ओसरीवर शेतकऱ्यांची रांग. "मास्तर, औंदा शाळा आमच्या खळ्यावर आणा की." गावातली सगळी खळी पोरांनी चोपून दिली. मळणी सुरू झाल्यावर मात्र शाळेला कुणी ओळख देईना.

हे पुन्हा आबांकडे गेले, कायमची जागा मागायला. आबा म्हणाले, "रानात मेंढरं बसवली तर खत मिळतंय. पोरं बसवून काय मिळायचं?"

हे ती गोष्ट हसत सांगत. मला मात्र हसू आलं नाही.

*

चैत्रात माझ्याकडे गौरीचं हळदीकुंकू होतं. आबांची थोरली बहीण आक्का मागच्या दारानं आल्या. लहानपणीच कपाळ पांढरं झालेलं, त्यामुळे पुढच्या दारानं कधी येत नसत. मी त्यांना चुलीपाशी बसवून डाळ-पन्हं दिलं. बायका येणार म्हणून मुलींना मी अंगणात उन्हात बसवलं होतं. त्यांच्याकडे बघत आक्कांनी विचारलं, "पावसाळ्यात ह्या पोरी कुठं बसणार गं?"

"घरी," मी म्हटलं, आणि दिपोटींचं सांगितलं.

पन्ह्याचं भांडं तसंच ठेवून त्या उठल्या. बाहेर ओसरीवर ह्यांच्याशी बोलत आबा बसले होते. आक्का सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"आबा, देवळामागचा माझा चोळीबांगडीचा तुकडा शाळंला दे."

लेकीच्या चोळीबांगडीची सोय म्हणून वडिलांनी जमिनीची एक पट्टी त्यांच्या नावे करून ठेवलेली होती. दोन्ही बाजूंना आबांचाच ऊस.

आबा गडबडले. "आन् आक्का, तुझ्या म्हातारपणाला काय ऱ्हाईल?"

"तू हाईस की. का न्हाईस?"

आबा ह्यांच्याकडे वळले. "मास्तर, लय चिंचोळी पट्टी हाय ती. समदी पोरं मावायची न्हाईत."

"मग पोरी आधी बसवा," आक्का म्हणाल्या. "जागा उरली तर पोरांचं बघू."

आबांनी एकदा बहिणीकडे बघितलं, एकदा अंगणातल्या मुलींकडे. पागोटं काढून मांडीवर ठेवलं, पुन्हा डोक्यावर चढवलं.

"आन् पोरांनी काय घरी बसायचं व्हय?" ते म्हणाले. "मास्तर, माझ्या उसातल्या चार सऱ्या धरा त्यात."