सहा बोटांचा केसपेपर

दवाखान्याच्या तळघरात जुन्या केसपेपरांची खोली आहे. तिथं बसणाऱ्या बाईंना सगळा दवाखाना वहिनी म्हणतो. वहिनींचं तोंड सकाळी एकदा सुरू झालं की दिवसभर थांबायचं नाव नाही. कुणी जिना उतरून आलं आणि सहज विचारल्यासारखं करून शेजाऱ्याच्या ऑपरेशनची चौकशी करू लागलं, की वहिनी आपला गुडघा पुढं करत. गुडघ्यावरून पोटातला गॅस, गॅसवरून मूळव्याध. तिथवर पोचेपर्यंत विचारणारा जिना चढून पसार झालेला असे. वहिनींची दुखणी अख्ख्या गावाला पाठ होती. त्यांच्या तोंडून दुसऱ्या कुणाचा साधा फोडसुद्धा कळला नव्हता.

यंदा मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं, चाळीस वर्षांपूर्वीचे कागद अभ्यासकांना बघू द्यायचे. नावावर तेवढी कागदाची पट्टी चिकटवायची, की झालं. इतक्या वर्षांपूर्वीचा पेशंट अजून जिवंत असेल हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. आणि पहिला अभ्यासक निघाला कोण, तर वहिनींचा धाकटा दीर. भाऊजी शाळेत मास्तर. गावातल्या आजारांचा इतिहास लिहायला घेतलेला.

वहिनी डिंक आणि पट्ट्या घेऊन बसल्या. बायकांच्या वॉर्डाचं गाठोडं हातात आलं आणि त्यातल्या एका कागदाशी त्यांचा हात अडला. नाव झाकलं, पण खाली डॉक्टरांनी लिहिलेलं तसंच होतं: डाव्या हाताला सहा बोटं, नवरा विहिरी खणतो, दोन मुलगे. सहा बोटांची अशी बाई गावात एकच, आणि ती या घडीला वहिनींच्याच घरी बसून वहिनींनी केलेल्या भाजीला नावं ठेवत असणार. सासूबाई.

आजार कोणता ते विचारू नका. सासूबाई तेव्हा भावाकडे गेल्या होत्या असं घरात सांगितलं होतं आणि दोन्ही पोरांनी ते आजवर खरं धरलं होतं. उद्या भाऊजी नेमकं हेच गाठोडं सोडणार होते. कागद फाडणं वहिनींच्या रक्तात नव्हतं. डॉक्टरांच्या कानावर घालावं, तर त्यांची आणि भाऊजींची रोजची चहाची बैठक.

संध्याकाळी सासूबाई लसूण सोलत होत्या. वहिनी शेजारी टेकल्या.

"आई, तुमचा दवाखान्यातला कागद माझ्याकडं आहे. उद्या भाऊजी तो बघतील."

सासूबाईंचा हात थांबला. म्हणाल्या, "कधीपासून माहीत आहे तुला?"

"नोकरीला लागले त्या वर्षापासून."

"मी तुला इतकं घालूनपाडून बोलले, तुझ्या माहेराचा उद्धार केला, तेव्हा कधी काढलं नाहीस ते?"

"ते आपलं घरातलं भांडण. हा दवाखान्यातला कागद."

सासूबाईंनी टरफलं वाटीत टाकली आणि सोललेला लसूण केरात. मग हळूच म्हणाल्या, फाडून टाक. वहिनी म्हणाल्या, ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. पण पेशंटनं स्वतः येऊन नाही म्हटलं तर कागद बंद राहतो, असा नियम आहे.

"म्हणजे धाकट्याला कळणार."

"तुम्ही आजारी होतात एवढं कळेल. काय झालं होतं ते नाही कळायचं."

सासूबाई न जेवता झोपल्या.

दुसऱ्या दिवशी ठेवणीतले कपडे घालून, कठडा धरत त्या तळघरात उतरल्या. भाऊजींनी गाठ सोडायला घेतली होती.

"सोडू नकोस ते. त्यात मी आहे."

"तू? तुला काय झालं होतं?"

"झालं होतं, बरं झालं. तू तेव्हा शेंबडं नाक घेऊन हिंडत होतास. ते लिही तुझ्या इतिहासात."

भाऊजींनी वहिनींकडं पाहिलं. वहिनींना एकाएकी डिंकाच्या बाटलीचं झाकण फार घट्ट बसलेलं दिसलं. कुणीतरी कळवलं तसे डॉक्टर धावत आले, ओशाळले, आणि कोण हयात आहे याचा छडा लागेपर्यंत सगळीच गाठोडी बंद झाली. भाऊजी तोंड पाडून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

"माझा कागद मला तरी बघता येतो का?" सासूबाईंनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, तुमचाच आहे, आजी. ते गेल्यावर वहिनींनी दार लोटलं आणि कागद हलक्या आवाजात वाचायला घेतला.

"वय सव्वीस."

"पोरगीच होते की गं."

वजन ऐकून सासूबाईंनी स्वतःच्या दंडाकडं पाहिलं. औषधांची नावं त्यांनी मान हलवत ऐकली, एकदा डोळे पुसले. मग वहिनी शेवटच्या ओळीपाशी आल्या आणि अडखळल्या.

"वाच ना. काय लिहिलंय?"

"पेशंट आजपासून नर्सशी भांडू लागली. प्रकृतीत चांगली सुधारणा."

सासूबाईंना हसू आवरेना. वहिनी तर टेबलावर डोकं ठेवून हसत होत्या. बाहेर भाऊजी बाकावरून उठले आणि त्यांनी दाराला कान लावला. पण आत नुसतं हसणं चाललं होतं, त्यातून काही कळायला मार्ग नव्हता.